शून्य नंबरचं घर

"कंपनीनं मुकी धाडली काय वं?"

"मुकी नाई, पुन्याच्या कंपनीची हाय."

"पुन्याची कायची? पुन्याचे त बोलाचे थांबतच नाईत."

अकोटच्या एका जिनिंगमध्ये, रुईच्या ढिगाआड बसलेल्या दोन बायकांचं हे बोलणं माझ्याबद्दल होतं. मी त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर एका पिवळ्या मशीनसमोर हाताची घडी घालून उभी होते. एवढ्या घरघरीत मला ऐकू येत नसेल, असा त्यांचा समज होता. मला सगळं ऐकू येतं. न बोलणाऱ्या माणसाला हा एकच फायदा असतो. "मी अमरावतीची आहे हो," असं वळून म्हणायला हवं होतं. वाक्य तयारही झालं होतं. पण तयार झालेली वाक्यं मी बहुतेक वेळा तशीच घरी परत नेते.

शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे तोंडातून वऱ्हाडी निघाली की मुलं हसायची आणि इंग्रजी निघालं की बाई चुका काढायच्या. मी दोन्हींचा नाद सोडला आणि कॉम्प्युटरकडे वळले. त्याच्याशी बोलावं लागत नाही, लिहिलं की पुरतं. पुढे नोकरीही अशी मिळाली की जिथे माणसांऐवजी मशीनच्याच भाषेचा भाषांतरकार व्हायचं होतं. कंपनी पुण्याची, आणि मी अमरावतीत राजापेठेजवळच्या आमच्या घरातून काम करते.

हे काम नेमकं काय, ते घरात अजून ठरलेलं नाही. मावशी सांगते, "गेमचं काहीतरी करते." बाबा नुसतं "चिप" म्हणतात आणि विषय बदलतात. आई "घरीच असते" असं सांगते, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडला की "पन पगार येते" अशी पुस्ती जोडते. तेव्हा या दिवाळी अंकाच्या निमित्ताने एकदाचं सांगून टाकते.

प्रोग्रामर जे लिहितो ते चिपला कळत नाही. चिपला कळेल अशा आज्ञांमध्ये ते बदलून देणारा जो प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. आमचा कंपायलर कंपनीच्याच ग्राफिक्स प्रोसेसरसाठी, म्हणजे चित्रं हाताळणाऱ्या चिपसाठी आहे. साधा प्रोसेसर म्हणजे एक हुशार माणूस, तर हा म्हणजे एकाच वेळी कामाला लागलेली हजारो सामान्य माणसं. त्यांच्या टोळ्या असतात. प्रत्येकाला स्वतःचा खिसा असतो, प्रत्येक टोळीला मधोमध एक टेबल असतं, आणि सगळ्यांना मिळून लांब एक मोठं गोदाम असतं. खिशातली वस्तू पटकन मिळते, टेबलावरची जरा उशिरा, आणि गोदामात पाठवलेला माणूस कधी येईल ते सांगता येत नाही. या प्रत्येक जागेतल्या कप्प्यांना नंबर असतात, आणि प्रत्येक ठिकाणी नंबर नव्याने शून्यापासून सुरू होतात. पन्नास नंबरचा कप्पा टेबलावरही आहे आणि गोदामातही.

घोटाळा असा, की प्रोग्राम लिहिणारे पुष्कळदा नुसताच पत्ता देतात, जागा सांगत नाहीत. "गांधी चौकात ये" असा निरोप आला तर गांधी चौक अमरावतीतही आहे आणि अकोल्यातही. बिचाऱ्या चिपला मग प्रत्येक वेळी थांबून ठरवावं लागतं की कुठल्या गावचा चौक, आणि तेवढ्यात वेळ जातो. आमच्या कंपायलरमध्ये एक भाग आहे, जो आगेमागे पाहून अंदाज बांधतो. मघापासून बोलणं अमरावतीचंच चाललंय, म्हणजे हा चौकही अमरावतीचाच. अशी खात्री पटली की तो पत्त्यावर गावाचं नाव लिहून टाकतो, आणि चिपचं ते थांबणं वाचतं. हा अंदाज बरोबर असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकला तर मात्र ग्राहकाचं पत्र येतं.

ग्राहकांच्या तऱ्हा अनेक. परदेशातल्या एका गेमवाल्याला आम्ही आमची एक जुनी चूक दुरुस्त करून दिली, तर त्याचं संतापलेलं पत्र आलं. त्याच्या गेममधलं पाणी त्या चुकीमुळेच सुंदर दिसत होतं म्हणे. चूक परत हवी होती. आम्ही ती परत दिली. नीट, तपासून, चाचण्यांसकट.

पण अशी पत्रं क्वचित. बहुतेक तक्रारींना आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: दोष आपल्या प्रोग्राममध्ये असावा, कृपया तपासून पाहावा. हे उत्तर उद्धटपणाचं नाही. तक्रारी खरोखरच बहुतेक वेळा तशाच निघतात. अडचण एवढीच की जे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं, ते देताना प्रश्न वाचायची सवय सुटते.

अकोल्याच्या इरफानभाईंना हे उत्तर दोनदा गेलं होतं.

इरफानभाई अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये मशीन बनवतात. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की रुई पुढे जाते. त्या रुईत पोत्याची सुतळी, रंगीत नायलॉनचे धागे, गुटख्याच्या पुडीचे तुकडे असं काय काय असतं. ते गाठीत गेलं तर पुढे कापडात रंगीत रेघ उमटते आणि सूतगिरणी गाठी परत पाठवते. पूर्वी बायका बसून हा कचरा वेचायच्या, अजूनही वेचतात. इरफानभाईंचं मशीन वरून पडणाऱ्या रुईचे फोटो काढतं, आमची चिप त्यात कचरा शोधते, आणि सापडला की हवेचा एक फटकारा तेवढी रुई बाजूला उडवून देतो. शेडमध्ये हे उत्तम चालायचं. अकोटच्या जिनिंगमध्ये मात्र कचरा सुटून जात होता. कंपायलरच्या वेग वाढवणाऱ्या सगळ्या सुधारणा बंद केल्या की मशीन अचूक चालायचं, पण इतकं हळू की उत्तर येईपर्यंत रुई खाली पोचलेली असायची.

अभिजित सर आमच्या टीमचे प्रमुख. हुशार माणूस, आणि मनाने चांगला. मी मीटिंगमध्ये बोलत नाही, तर माझे मुद्दे ते स्वतः मांडतात, आणि शेवटी "हे तिचं आहे" असंही आवर्जून सांगतात. पत्त्यावर गावाचं नाव लिहिणारा तो भाग त्यांनीच लिहिलेला. त्यामुळे आमची चिप इतरांपेक्षा वेगवान ठरली होती. तिसरं पत्र आलं तेव्हा ते मला म्हणाले, "तू तिकडचीच ना? जरा जाऊन ये. त्यांच्या प्रोग्राममध्ये काय चुकतंय ते प्रेमाने समजावून सांग."

पुण्याहून पाहिलं की अमरावती, अकोला, अकोट सगळं 'तिकडे' असतं. मी अंजनगाव सुर्जीमार्गे जाणाऱ्या एसटीत बसले. वाटेत प्रेमाने समजावण्याची वाक्यं मनात म्हणत होते. अकोट येईपर्यंत ती पाठ झाली होती.

इरफानभाई फाटकाशीच उभे होते. चाळिशीचे, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर रुईचे तुसे. "या मॅडम, या. चाय?" आणि मग पुढच्याच दमात, "देखो, माझ्या प्रोग्राममंधी चूक असन त सांगा, मी पाय धरतो. पन चार येळा पाह्यलं न मी. मधात काय चालू हाय थे स्क्रीनवर छापून पाह्यलं, त बरोबर चालते. छापनं काढलं का झालं गडबड सुरू. हे काय भूत हाय काय?"

मी मान हलवली. भूत नाही, हे मला माहीत होतं. तपासायला गेलं की शहाण्यासारखी वागणारी चूक आमच्या धंद्यात ओळखीची आहे. पण तिचा मालक कोण, ते अजून ठरायचं होतं.

जिनिंगचे मालक सुधाकरभाऊ ऑफिसच्या दारातूनच म्हणाले, "पाहा काय पाहाचं थे. हंगाम चालू हाय. आज फैसला कराचा हाय मले. मशीन ठेवाचं का इरफानच्या टेम्पोत टाकाचं." आणि मग इरफानभाईंना, "तुया अंजनगाव आन् चांदूर बाजारवाल्याचे फोन येऊन राहिले मले. काय सांगू त्याह्यले?"

त्या दोन जिनिंग इथे काय होतं याची वाट पाहत होत्या. इथून मशीन निघालं तर तिथे जाणारच नव्हतं, आणि इरफानभाईंच्या शेडला काही अर्थ उरणार नव्हता. हे त्यांनी मला सांगितलं नाही. सुधाकरभाऊ बोलत असताना ते शर्टावरचे तुसे एकेक करून काढत होते, ते मी पाहिलं.

मग मी मशीनसमोर उभी राहिले आणि त्या दोन बायकांना मुकी वाटले.

इरफानभाईंनी चाचणी करून दाखवली. एका पिशवीत त्यांनी रंगीत चिंध्यांचे बारीक तुकडे करून ठेवले होते. त्यातले मूठभर रुईत टाकले. फट, फट, फट असे हवेचे आवाज आले आणि रंगीत रुई बाजूच्या डब्यात जाऊन पडली. "पाहा! हे पाहा न!" ते म्हणाले. पुन्हा मूठभर, पुन्हा फटफट. "आता सांगा, कुठी हाय चूक?"

मी त्यांच्या मुठीकडे पाहत होते.

खऱ्या कापसात कचरा मुठीने येत नाही. इथे एक धागा, मग बराच वेळ काही नाही, मग तिकडे पुडीचा एक कोपरा. पण चाचणी करणारा माणूस नेहमी मूठभरच टाकतो, कारण त्याला मशीनची ताकद दाखवायची असते. मीही माझ्या चाचण्या तशाच लिहिते.

माझ्या ओढणीचं टोक उसवलेलं होतं, त्यातून एक निळा धागा निघत होता. मी तो तोडला, नखाएवढा तुकडा केला आणि एकटाच रुईत टाकला. मशीन गप्प. रुई पुढे गेली, धागा तिच्याबरोबर. मी दुसरा टाकला. गप्प. तिसरा टाकला. गप्प. मग दोन तुकडे चिमटीत जवळजवळ धरून टाकले.

फट.

"आँ?" इरफानभाई म्हणाले.

ढिगाआडच्या बायकांपैकी एक म्हणाली, "थे पाय, ओढनी फाडून राहिली."

"फाडू दे. कंपनी देईन दुसरी."

दोन असले की दिसतात आणि एकटा असला की दिसत नाही. असली आवडनिवड मशीनला नसते, म्हणजे त्यामागे कुणाचं तरी गणित होतं. मी लॅपटॉप घेऊन सुधाकरभाऊंच्या ऑफिसात बसले. आधी इरफानभाईंचा प्रोग्राम वाचला. तो स्वच्छ होता, सरळ माणसाने लिहिल्यासारखा. फोटोच्या आपल्या वाट्याच्या तुकड्यात टोळीतल्या कुणालाही कचऱ्याचा डाग दिसला की तो टोळीच्या टेबलावर नोंदवायचा. पहिला डाग पहिल्या कप्प्यात, दुसरा दुसऱ्यात. प्रत्येक डागाजवळ त्याच्या आधीच्या डागाचा पत्ता. मग शेवटच्या डागापासून मागे मागे जायचं, "आता कुणी नाही" असा पत्ता येईपर्यंत. वाटेत एक जरी डाग भेटला तरी हवा सोडायची.

मग कंपायलरने त्याचं काय केलं, ते उघडून पाहिलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. "कुणी नाही" हे मशीनला पत्त्यानेच सांगावं लागतं. गोदामात त्यासाठी शून्य नंबर राखून ठेवलाय. तिथे मुद्दाम कुणाला ठेवत नाहीत. पत्ता शून्य आला की समजायचं, पुढे घर नाही. पण टोळीचं टेबल लहान असतं, तिथे एक कप्पा रिकामा ठेवणं परवडत नाही. तिथे शून्य नंबरच्या घरात माल असतो, आणि "कुणी नाही" यासाठी सगळ्यात शेवटचा नंबर वापरतात. म्हणून गोदामाच्या पद्धतीने लिहिलेला पत्ता टेबलाच्या पद्धतीचा करताना ही खूणही बदलावी लागते. आमच्या कंपायलरने गाव अचूक ओळखलं होतं, पत्त्यावर नावही टाकलं होतं, आणि खूण मात्र गोदामाचीच ठेवली होती. टेबलावरच्या पहिल्या डागाला, जो शून्य नंबरच्या घरात राहत होता, तो "कुणी नाही" म्हणत होता. दुसरा डाग असला की निदान तो तरी मोजला जायचा. पहिला एकटा असला तर टेबल रिकामं. मधलं काही छापायला सांगितलं की पत्ता टेबलाबाहेर जायचा, कंपायलर अंदाज बांधायचं टाळायचा आणि सगळं बरोबर चालायचं.

घरात माणूस बसलेला असताना घर रिकामं आहे असं लिहून जाणारे कर्मचारी आपण पाहिलेले असतात. हे काम आम्ही सेकंदाला कोट्यवधी वेळा करत होतो, आणि त्याच वेगाबद्दल आमचं कौतुक होत होतं.

खरं सांगायचं तर मला आधी आनंदच झाला. कोडं सुटल्याचा आनंद फार स्वार्थी असतो. समोर इरफानभाई चहाचा कप हातात धरून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, आणि मी स्वतःशीच हसत होते.

मी अभिजित सरांना सगळं लिहून पाठवलं, कंपायलरने खूण चुकवलेल्या दोन ओळींच्या चित्रासकट. उत्तर लगेच आलं. "अप्रतिम शोधलंस! तुझं बरोबर असावं असं वाटतंय." त्याखाली दुसरं: "पण थोड्या वेळाने कॉल आहे त्यांच्याबरोबर. तिथे हे काढू नको. आधी आपण आत नीट पाहू. तोवर त्यांना त्यांचा प्रोग्राम पुन्हा तपासायला सांगतो." आणि तिसरं: "तू काळजी करू नको, मी बोलेन."

'आत नीट पाहू' याचा अर्थ मला माहीत होता. पाहायचं, दुरुस्त करायचं, तपासायचं, आणि पुढच्या आवृत्तीत टाकायचं. यात कुणाची लबाडी नव्हती, आमची तीच पद्धत आहे. घरातलं भांडण चव्हाट्यावर आणू नये, एवढंच. तोवर कापसाचा हंगाम संपलेला असणार आणि मशीन इरफानभाईंच्या शेडमध्ये परत गेलेलं असणार. आणि मला तर फक्त गप्प राहायचं होतं. आयुष्यभर जे करत आले, ते पहिल्यांदाच अधिकृतपणे नेमून मिळालं होतं.

कॉल सुधाकरभाऊंच्या टेबलावर, इरफानभाईंच्या फोनवर, स्पीकर लावून झाला. एका बाजूला सुधाकरभाऊ, समोर इरफानभाई, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. अभिजित सर इंग्रजीत बोलत होते, नेहमीसारखे मुद्देसूद आणि मवाळ. इरफानभाईंच्या मेहनतीचं त्यांनी कौतुक केलं. मग म्हणाले की सुधारणा सुरू केल्यावरच जी गडबड दिसते, तिचं मूळ साधारणपणे प्रोग्राममध्येच असतं. टोळीतली माणसं एकाच वेळी एकाच कप्प्यात लिहीत असण्याची शक्यता आहे. प्रोग्राम पुन्हा एकदा तपासावा, आम्ही लागेल ती मदत करू. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. साधारणपणे असतंच, आणि शक्यता तर सगळ्याचीच असते.

इरफानभाईंना इंग्रजी कळत होतं. त्यांनी कप खाली ठेवला. "ओके सर," ते म्हणाले. "पुन्हा तपासतो सर."

"काय म्हनून राहिले थे?" सुधाकरभाऊंनी विचारलं.

इरफानभाईंनी तोंड उघडलं, पण आपल्याविरुद्धचा निकाल आपणच वाचून दाखवायला माणसाला थोडा वेळ लागतो.

"अबे, सांग न. काय म्हनते?"

"ते म्हनतात..." इरफानभाई फोनकडे पाहत राहिले.

सुधाकरभाऊ खुर्ची सरकवून माझ्याकडे वळले. "जाऊ द्या त्याले. मॅडम, तुमी त त्याइच्याच कंपनीच्या. तुमी सांगा. काय म्हनून राहिले तुमचे सर?"

अभिजित सरांचं लहानपण नाशिकचं, त्यांना मराठी माझ्यापेक्षा चांगलं येतं. "मी सांगतो ना," असं ते म्हणाले, जरा घाईने, आणि तेही मराठीत. पण सुधाकरभाऊ माझ्याकडेच पाहत होते.

भाषांतर हे माझं कामच. जे लिहिलंय ते आणि तेवढंच दुसऱ्या भाषेत सांगायचं. एवढं केलं तरी माझी नोकरी चोख झाली असती. मी मनात आधी इंग्रजी वाक्य केलं, मग त्याचं शाळेतल्यासारखं मराठी केलं, आणि तोंड उघडलं तेव्हा दोन्ही सोडून भलतंच आलं. इतकी वर्षं ते कुठे राहत होतं कोण जाणे.

"थे म्हनून राहिले का चूक इरफानभाईची हाय," मी म्हणाले. "पन तसं नाई, भाऊ. त्याइचा प्रोग्राम मी सोता वाचला, तो बरोबर हाय. चूक आमची हाय. मशीन नका काढू."